पाचगणीच्या मुलाची दहा वर्षं

पसरणीचा घाट चढून आपण पाचगणीला किती वेळा गेलो असू, मोजलं नाही कधी. टेबललँडवर घोड्यावर बसायचं, मुलांना स्ट्रॉबेरी-क्रीम द्यायचं, येताना जॅमच्या बाटल्या घ्यायच्या, की झाली सहल! गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीच्या बायका गेलो तेव्हा माझी कॉलेजला जाणारी लेकही बरोबर होती. गाडी सेंट पीटर्स शाळेजवळून चालली तशी ती एकदम ओरडली, "आई, फ्रेडी मर्क्युरीची शाळा!"

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघतोय. कोण बाई हा फ्रेडी? एकीनं विचारलंसुद्धा, "सिनेमातला का गं?" लेकीनं कपाळाला हात लावला.

तर मैत्रिणींनो, हा फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बलसारा. आपल्या गुजरातच्या बलसाडकडचं पारशी कुटुंब. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीसाठी आफ्रिकेच्या झांझिबार बेटावर गेले, तिथं ५ सप्टेंबर १९४६ ला हा जन्मला. आठव्या वर्षी आईबापांनी त्याला बोटीत बसवून मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या वसतिगृहात पाठवला. आठ वर्षांचं पोर! सुट्टीत मुंबईला आजीकडे जायचा. पाचगणीत पियानो शिकला, टेबल टेनिस खेळला, मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला, आणि फारुखचा फ्रेडीही तिथंच झाला. १९६४ मध्ये झांझिबारला क्रांतीचा दंगा उसळला तेव्हा बलसारा कुटुंब घर सोडून इंग्लंडला पळालं. तिथं कला महाविद्यालयात शिकून फ्रेडीनं १९७० मध्ये दोघांबरोबर बँड काढला. वर्षभरानं चौथा आला. बँडचं नाव 'क्वीन'. म्हणजे राणी!

रॉक संगीत म्हटलं की माझं डोकं दुखतं. माझा पिंड भावगीतांचा. पण लेकीनं घरी आल्यावर पिच्छाच पुरवला. "आई, नुसतं ऐकू नकोस, बघ. दहा वर्षांची गाणी आहेत, ओळीनं लावते." आणि पुढचे चार-पाच दिवस, दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघी टीव्हीसमोर. मी हातात निवडायला मेथी घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मेथी तशीच राहिली.

आता ही 'बघायची गाणी' म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, कारण आपलं गाणं पहिल्यापासून सिनेमातच जन्मतं. 'छायागीत' आणि 'चित्रहार' बघतच आपण मोठ्या झालो. तिकडं तसं नव्हतं. गायक गाणं रेकॉर्ड करणार, लोक रेडिओवर ऐकणार, फार तर टीव्हीच्या कार्यक्रमात जाऊन ओठ हलवणार. १९७५ मध्ये क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, मध्येच ऑपेरा, त्यावर ओठ कसे हलवायचे? म्हणून त्यांनी चार तासांत एक छोटी फिल्म करून टीव्हीला पाठवून दिली. ती इतकी गाजली की पुढे गाण्यासोबत फिल्म करायची रीतच पडून गेली. त्या फिल्म गोळा करून क्वीननं १९८१ मध्ये 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' नावाची व्हिडीओ कॅसेट काढली. आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, तिचा दुसरा भाग. त्यात १९८१ पासूनची सतरा गाणी आहेत. मला जे सांगायचंय ते या दुसऱ्या कॅसेटबद्दल. कॅसेटवर गाणी मागंपुढं आहेत, पण माझ्या लेकीनं ती सालवार लावली, आणि म्हणूनच मला ते दिसलं.

काय दिसलं, ते येतंच पुढे.

यादीतलं पहिलं गाणं १९८१ चं, 'अंडर प्रेशर', डेव्हिड बोवी या गायकाबरोबरचं. गंमत म्हणजे त्यात गाणारा एकही माणूस दिसत नाही! त्यांना चित्रीकरणाला वेळच मिळाला नाही. मग दिग्दर्शक डेव्हिड मॅलेटनं जुन्या फिल्मचे तुकडे जोडले. तुंबलेली वाहनं, माणसांनी खचाखच भरलेल्या आगगाड्या, कोसळणाऱ्या इमारती, मूकपटातले भेदरलेले चेहरे. दडपण म्हणजे काय, हे गाणाऱ्याचा चेहरा न दाखवता कळतं. लेकीला हे गाणं फार आवडतं. मला आपलं वाटलं, चेहरा हवा बाई.

आणि मग १९८४ सालचं आलं ते 'आय वाँट टु ब्रेक फ्री'. मला मोकळं व्हायचंय, असा त्या नावाचा अर्थ. मी हसून हसून बेजार! एक मध्यमवर्गीय घर. गजर होतो. केसांना कर्लर्स लावलेली, गुलाबी गाऊन घातलेली एक बाई डोळे चोळत उठते. ही बाई म्हणजे गिटार वाजवणारा ब्रायन मे. शाळेच्या गणवेशातली लांब सोनेरी केसांची मुलगी म्हणजे ड्रमवाला रॉजर टेलर. कोट-टोपी घालून सगळ्यांवर डोळे वटारणारी आजी म्हणजे जॉन डीकन, आणि गाणं लिहिलंय ते याच आजीबाईंनी! एवढ्यात दार उघडून घरात शिरते ती गुलाबी बिनबाह्यांचं पोलकं, काळा आखूड स्कर्ट, कानात डूल घातलेली गृहिणी, हातात व्हॅक्यूम क्लीनर. आणि ओठावर भली जाड मिशी! मिशी तेवढी काढलेली नाही. हा आपला पाचगणीचा फ्रेडी. मोठ्या तोऱ्यात, कंबर लचकावत घर झाडतोय, आणि मला सुटायचंय म्हणून गातोय.

इंग्लंडमध्ये 'कॉरोनेशन स्ट्रीट' नावाची मालिका १९६० पासून चालू आहे. आपल्या सासू-सुनांच्या मालिकांची पणजीच म्हणा. ही तिची नक्कल. तिकडच्या लोकांनी ती ओळखली आणि पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र बोंब झाली. पुरुष बायकांच्या कपड्यात? तिथल्या संगीतवाहिन्यांनी नाकं मुरडली. क्वीनचं तिथलं बस्तान आधीच थोडं डळमळीत होतं, ते यानं आणखी बिघडलं. १९८२ नंतर फ्रेडीसह क्वीन अमेरिकेच्या दौऱ्यावर पुन्हा गेलाच नाही.

हे ऐकून मला अमेरिकेचंच नवल वाटलं. आपल्याकडं बालगंधर्वांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली, बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या! तमाशातला मावशीचा सोंगाड्या बघून तर आपल्या आज्यासुद्धा पदरात तोंड घालून हसायच्या. मात्र खरं बोलायचं तर तेच आपण, त्या सोंगाड्याच्या मागं घरी काय काय बोलायचो तेही मला आठवतंय. सोंग चालतं. माणूस खरंच वेगळा निघाला तर चालत नाही.

फ्रेडी तसा वेगळा होता. तरुणपणी मेरी ऑस्टिन नावाच्या मुलीबरोबर तो काही वर्षं राहिला, पुढं ती त्याची जन्माची मैत्रीण झाली. शेवटची वर्षं त्याचा जोडीदार होता जिम हटन नावाचा पुरुष. घरात, मित्रांत सगळं उघड. बाहेर कुणी विचारलं की उत्तर टाळायचं, हसण्यावारी न्यायचं. तिथले काही पेपर या विषयावर नुसते टपून बसलेले असायचे.

त्याच वर्षीचं 'रेडिओ गा गा' घ्या. १९२७ सालचा 'मेट्रोपोलिस' नावाचा जर्मन मूकपट आहे, त्याचे तुकडे यात वापरलेत. पांढऱ्या कपड्यातली शेकडो माणसं दोन्ही हात वर करून एका तालात टाळ्या वाजवतात. ही माणसं म्हणजे क्वीनचे चाहतेच, मुद्दाम बोलावून आणलेले. पुढच्या वर्षी, १३ जुलै १९८५ ला, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' हा मोठा कार्यक्रम झाला. क्वीनच्या वाट्याला आली वीसेक मिनिटं. हे गाणं सुरू झालं आणि ७२ हजार माणसांनी, कुणी न सांगता, तश्शाच टाळ्या वाजवल्या. लेकीनं तेही दाखवलं. पांढरी बनियन, उघडे दंड, पिळदार शरीर. मैदानभर धावतोय नुसता. मला आपल्या वारीत एका ठेक्यावर वर जाणारे हात आठवले.

हे शरीर लक्षात ठेवा.

ऑगस्ट १९८६ मध्ये फ्रेडीसह क्वीनचा शेवटचा मोठा जाहीर कार्यक्रम झाला. तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. दौरे बंद झाले. का बंद झाले, हे लोकांना सांगितलं गेलं नाही. बँडमधल्या तिघांना त्यानं पुढे सांगितलं, पण बाहेर कुणी ब्र काढायचा नाही. पेपरवाले विचारायचे, आणि हे तिघं सरळ नाही म्हणून सांगायचे. मित्रासाठी वर्षानुवर्षं खोटं बोलले.

आता १९८९ ची गाणी. मधल्या काळात कॅमेऱ्यासमोर तो फारसा आला नव्हता. आला तो दाढी वाढवून, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. 'ब्रेकथ्रू' या गाण्यात चौघं धावत्या वाफेच्या आगगाडीवर, उघड्या डब्यात उभं राहून गातात. गाडी खरोखर वेगात चाललीय, वारा सुटलाय, आणि फ्रेडी खांबाला धरून असा काही नाचतोय की आजारी माणूस आहे हे सांगूनही पटू नये. मी लेकीला म्हटलंही, "अगं, हा तर ठणठणीत आहे." ती म्हणाली, "आई, दोन वर्षं झाली होती त्याला कळून."

'द मिरॅकल' या गाण्यात तर त्यांनी आपल्या जागी चार लहान मुलं उभी केलीत. हुबेहूब तेच कपडे, त्याच लकबी. छोटा फ्रेडी मिशी लावून ऐटीत नाचतो. खरे चौघं येतात ते अगदी शेवटी. मला फार गोड वाटलं. दुसऱ्यांदा बघताना मात्र वाटलं, कामाचा केवढा भार त्या पोरांनी उचललाय.

१९९१ च्या 'इन्युएन्डो'मध्ये बघा. यात बँडमधलं कुणीच नव्यानं कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं नाही. चौघांची चित्रं काढलीत, प्रत्येकाचं वेगळ्या शैलीत. फ्रेडीचं लिओनार्दो दा विंचीच्या धाटणीनं, डीकनचं पिकासोसारखं. बाकी मातीच्या बाहुल्या आणि जुनी चित्रं. समीक्षकांनी वाखाणलं. आणि आपल्या मनात येतं, असं का केलं असेल.

मग ते फेब्रुवारी १९९१ चं, 'आय'म गोइंग स्लाइटली मॅड'. नावाप्रमाणंच वेडगळ गाणं. काळं-पांढरं चित्रण. गोरिलाचा वेश घातलेला माणूस आहे, खरेखुरे पेंग्विन आहेत. डीकन यो-यो फिरवतोय. आणि मधोमध काळ्या सुटातला फ्रेडी, तोंडावर पांढऱ्या रंगाचा जाड थर, डोक्यावर पिंजारलेल्या केसांचा टोप, हातात पांढरे मोजे. मूकपटातला विदूषकच जणू! मी हसले. लेक हसली नाही. ती म्हणाली, "आई, वजन घटलेलं दिसू नये म्हणून त्यानं सुटाच्या आत आणखी कपडे घातलेत. चेहऱ्यावरचे डाग दिसू नयेत म्हणून तो रंग."

मी रिमोट घेऊन गाणं थांबवलं. मगाशी म्हटलं ना, मला काहीतरी दिसलं म्हणून, ते हे. सालवार बघत गेलं की कळतं, शरीर जसजसं आटत गेलं तसतसे कपडे वाढत गेले. दाढी आली, रंग आला, टोप आला, आतून आणखी एक थर. आणि हे सगळं इतकं बेमालूम, की कपडे वाढले ते गाण्याच्या गरजेनं असंच वाटावं. लपवणं हीच त्यानं कला करून टाकली.

त्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं 'द शो मस्ट गो ऑन'. खेळ चालू राहिला पाहिजे, हा त्याचा अर्थ. मुख्यतः ब्रायन मेनं लिहिलेलं. स्वर इतका उंच की आजारी फ्रेडीला झेपेल का, याची त्यालाच धास्ती होती. फ्रेडीनं घोटभर व्होडका घेतली आणि एका दमात गाऊन दाखवलं, असं ब्रायननं नंतर मुलाखतींत सांगितलंय. गायला, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आता शक्य नव्हतं. मग रुडी डोलेझाल आणि हानेस रोसाखर या दोन ऑस्ट्रियन दिग्दर्शकांनी १९८२ पासूनच्या सगळ्या चित्रफितींचे तुकडे जोडले. व्हॅक्यूम क्लीनरवाली बाई, टाळ्या वाजवणारी गर्दी, आगगाडी, राजाचा मुकुट. साडेचार मिनिटांत दहा वर्षं. हे गाणं ऑक्टोबर १९९१ च्या मध्यावर आलं, महिनाअखेरीस कॅसेट आली.

२३ नोव्हेंबरला फ्रेडीनं निवेदन काढलं, की मला एड्स झालाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपल्या घरी गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून त्याला निरोप दिला.

एक गाणं ब्रिटनमधल्या त्या कॅसेटमध्ये नाही, ते लेकीनं वेगळं लावलं. 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. ३० मे १९९१ ला त्याचं चित्रीकरण झालं. कॅमेऱ्यासमोर फ्रेडीचं हे शेवटचं काम. यात टोप नाही, विदूषकाचं सोंग नाही. रंगीत फिल्मवर घेतलं होतं, पण त्याची अवस्था फार जाणवू नये म्हणून बहुतेक जगानं ते काळं-पांढरंच पाहिलं. अंगात मांजरांची चित्रं रंगवलेलं जाकीट, कारण मांजरं म्हणजे त्याचा जीव की प्राण. (ते जाकीट २०२३ मध्ये लंडनला त्याच्या बाकीच्या चीजवस्तूंबरोबर लिलावात गेलं.) तो जवळपास एकाच जागी उभा आहे. पाय साथ देत नाहीत हे कळतं. हात तेवढे हलतात. शेवटी सरळ आपल्याकडे बघून हळूच निरोपाचे शब्द म्हणतो, हसतो आणि चौकटीबाहेर जातो. मृत्यूनंतर हे गाणं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'च्या जोडीनं पुन्हा काढलं, आणि त्याचे दहा लाखांहून जास्त पौंड एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या 'टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट'ला दिले गेले.

आता तुम्ही म्हणाल, या परक्या गाण्यांचं एवढं काय! सांगते.

आमच्या गटाच्या कामात मी ज्या बायकांना घेऊन सरकारी दवाखान्यात जाते, त्यातली एक. तिला विचारूनच लिहितेय, आणि ती कोण ते ओळखू येईल असं काही इथं ठेवलेलं नाही. नवरा वारला तेव्हा तिची तपासणी झाली आणि कळलं. गेली नऊ वर्षं ती गोळ्या घेतेय, तब्येत उत्तम आहे, शिवणकाम करते, मुलगा बारावीला. पण घरात कुणाला माहीत नाही. सासूला सांगितलंय, बीपीच्या गोळ्या आहेत म्हणून. जवळचं औषध केंद्र सोडून दुसऱ्या तालुक्यातून गोळ्या आणते, कारण इथं ओळखीचं कुणी भेटलं तर? बाटली एसटीत खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबते. घरी आली की बाटलीचा कागद सोलून चुलीत, आणि गोळ्या कॅल्शियमच्या डबीत.

परवा ती ब्लाउज द्यायला आली होती. लेकीचं टीव्हीवर तेच चाललेलं. ती उभ्या उभ्या बघत राहिली. वेडगळ गाणं लागलं, पेंग्विन आले, ती हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "ताई, ह्यानं आतनं कापडं घातल्यात."

मी चमकले. "तुला कसं कळलं?"

"खांद्यावर कसं बसलंय बघा की. सूट मापाचा नाही, माणूस मापाचा नाही." शिवणारी बाई ती! मग आवाज खाली आणून म्हणाली, "मीबी घालत होते. दोन परकर, वर झंपर, त्याच्यावर स्वेटर. ऐन मेमध्ये. टीबी झालेला तवा. चौतीस किलोवर आले होते."

मी तिला सगळं सांगितलं. हा कोण, पाचगणीला कसा होता, काय झालं. तिनं दोनच प्रश्न विचारले. पहिला, "एवढा पैसा होता, मग गोळ्या का नाही घेतल्या?"

तेव्हा त्या गोळ्याच नव्हत्या, बाई. १९८७ मध्ये एझेडटी नावाचं एक औषध आलं होतं, पण ते एकटं फार दिवस पुरं पडत नसे. दोन-तीन औषधं एकत्र देऊन विषाणू दाबून ठेवायची युक्ती साधली ती १९९६ च्या सुमारास. फ्रेडी जाऊन पाच वर्षं झाल्यावर. आपल्याकडं सरकारी दवाखान्यांतून ही औषधं फुकट मिळायला लागली एप्रिल २००४ पासून. म्हणजे जगातल्या नामांकित गायकाला लंडनच्या हवेलीत जे मिळालं नाही, ते आमच्या या शिवणकाम करणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला मिळतं, एक पैसा न देता. रोज नेमानं घेतलं आणि विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळही वाचतं. सोबत जेवल्यानं, एका नळावर पाणी भरल्यानं, मिठी मारल्यानं तर तो कधीच जात नव्हता. तपासणी फुकट असते आणि गुप्त ठेवतात. १०९७ या नंबरवर फोन करून विचारता येतं. नोकरीवरून काढणं, दवाखान्यात नाकारणं याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे.

औषध बदललं, कायदाही आला. बाटलीतला कापूस मात्र अजून तिथंच आहे. फ्रेडीच्या लपवण्याबद्दल तिकडं पुष्कळ लिहिलं गेलं. काहींचं म्हणणं, त्यानं आधी सांगितलं असतं तर आजाराबद्दलची भीती लवकर कमी झाली असती. मला हे वाचून राग आला. दाराबाहेर कॅमेरे रोखून बसायचं, आणि वर आजारी माणसालाच विचारायचं, तू धीट का नाही झालास? सांगायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या गटातही यावर वाद होतात. काही जणी म्हणतात, लपवून लपवूनच हा कलंक जिवंत राहतो. त्यांचंही चूक नाही म्हणा. पण सून म्हणून त्या घरात राहायचंय तिला.

तिचा दुसरा प्रश्न होता, "त्याच्यासाठी खोटं बोलायला माणसं होती का?"

होती, म्हटलं. तीन होती. घरातही होती, शेवटपर्यंत.

"मग बरंय," ती म्हणाली. ब्लाउजची पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि माझ्या लेकीजवळ सतरंजीवर टेकली. चहा ठेवायला मी आत गेले, तर बाहेरून तिचा आवाज, "ताईची लेक, ती मिशीवाली बाई म्हणालीस ना मगाशी, घर झाडणारी? ती लाव बघू."